कधीमधी वापरायचा दुसरा ब्राउझर: निवड, मांडणी आणि देखभाल

परीक्षेचा किंवा दाखल्याचा अर्ज पूर्ण भरून होतो, फोटो आणि सही अपलोड होते, आणि शेवटच्या पानावरचे बटण दाबले की काहीच घडत नाही. पान पुन्हा उघडले तरी तोच प्रकार. अशा वेळी तोच पत्ता दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहणे हा सर्वांत जलद उपाय असतो. मात्र तो ब्राउझर आधीपासून विचारपूर्वक निवडलेला, अद्ययावत आणि तयार असला, तरच त्याचा उपयोग होतो. मुदत संपायला तासभर उरला असताना ब्राउझर शोधणे, उतरवून घेणे आणि त्याची ओळख करून घेणे फार जड जाते. म्हणून ज्यांच्या संगणकावर आजवर एकच ब्राउझर वापरात आहे, त्यांनी हे काम सवडीने एखाद्या दिवशी उरकून ठेवावे. त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

पहिली पायरी: त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे ते ठरवावे

दुसरा ब्राउझर लोक प्रामुख्याने तीन कारणांसाठी ठेवतात. पहिले कारण वर आलेच आहे: मुख्य ब्राउझरमध्ये अडलेले संकेतस्थळ उघडून पाहणे. दुसरे म्हणजे एकाच संकेतस्थळावरची दोन खाती एकाच वेळी उघडी ठेवणे, उदाहरणार्थ घरचा आणि कार्यालयाचा ईमेल. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि नेमके त्याच्याकडेच नव्या वापरकर्त्यांचे लक्ष जात नाही, ते म्हणजे पैशांचे व्यवहार रोजच्या भटकंतीपासून वेगळे ठेवणे.

या तिसऱ्या कारणाचा थोडा विस्ताराने विचार करू. रोजच्या ब्राउझरमध्ये आपण हळूहळू अनेक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जास्तीची सोय देणारे छोटे प्रोग्राम, जोडत जातो: कूपन शोधून देणारे, स्क्रीनचा फोटो काढणारे, पानाचे भाषांतर करणारे, व्हिडिओ उतरवून देणारे. यांपैकी बरीचशी एक्स्टेन्शन बसवताना एक परवानगी मागतात आणि आपण ती न वाचताच देतो. ती परवानगी सर्व संकेतस्थळांवरची आपली माहिती वाचण्याची आणि बदलण्याची असते. या 'सर्व' मध्ये बँकेचे पानही येते. शिवाय एखादे एक्स्टेन्शन आज प्रामाणिक असले, तरी उद्या त्याची मालकी दुसऱ्याकडे जाऊ शकते आणि पुढच्या आवृत्तीत त्याचा हेतू बदलू शकतो. असे प्रकार घडलेले आहेत. ज्या ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेन्शन नाही आणि ज्यातून बँक, आयकर, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांखेरीज काहीही उघडले जात नाही, त्या ब्राउझरमध्ये हा धोका मुळातच शिरत नाही.

या तिन्हींपैकी आपली गरज कोणती, हे एका कागदावर लिहावे. एकाच दुसऱ्या ब्राउझरवर तिन्ही कामे लादली, तर काही महिन्यांत तो मुख्य ब्राउझरसारखाच गजबजून जातो आणि वेगळेपणाचा फायदा उरत नाही.

दुसरी पायरी: मुख्य ब्राउझरचे इंजिन ओळखावे

ब्राउझरचे नाव आणि चिन्ह वेगळे असले, म्हणजे तो आतूनही वेगळा असतोच असे नाही. संकेतस्थळाकडून आलेला मजकूर आणि आज्ञावली वाचून पडद्यावर पान उभे करणाऱ्या आतल्या भागाला इंजिन म्हणतात, आणि आज सर्वसामान्य वापरात तीनच मोठी इंजिने आहेत. गूगल क्रोम, मायक्रोसॉफ्ट एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि सॅमसंग इंटरनेट हे सारे क्रोमियम या मुक्त प्रकल्पावर उभे आहेत आणि त्यांचे इंजिन ब्लिंक हे आहे. फायरफॉक्सचे इंजिन गेको आहे. ॲपलच्या सफारीचे इंजिन वेबकिट. ब्लिंक हेही २०१३ साली वेबकिटमधूनच फुटून निघालेले आहे. ऑपेराने स्वतःचे इंजिन त्याच वर्षी सोडले आणि जानेवारी २०२० मध्ये एजही क्रोमियमवर आला.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. क्रोममध्ये एखादे पान इंजिनामुळे अडत असेल, तर ब्रेव्ह किंवा ऑपेरामध्येही ते बहुधा त्याच ठिकाणी अडेल. अडचण एखाद्या एक्स्टेन्शनमुळे किंवा जुन्या कुकीमुळे (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीमुळे) असेल, तर कोणताही कोरा ब्राउझर ती दूर करतो; पण इंजिनातल्या फरकामुळे असेल, तर वेगळ्या इंजिनाचाच ब्राउझर लागतो. म्हणून दुसरा ब्राउझर निवडताना इंजिन वेगळे असावे, ही माझ्या मते पहिली कसोटी आहे. वेग, दिसणे आणि जाहिरातींत सांगितली जाणारी वैशिष्ट्ये यांचा विचार त्यानंतर करावा, कारण आठवड्यातून एकदा उघडायच्या ब्राउझरला त्या गोष्टींनी फारसा फरक पडत नाही.

एकच इंजिन सर्वत्र असण्याचे परिणाम मराठी वाचकांनी पूर्वी अनुभवले आहेत. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची अक्षरांची एकच प्रमाण संकेतपद्धती, रुळण्याआधी काही मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या खास फॉन्टवर चालत, ते फॉन्ट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उमटत आणि इतर ब्राउझर वापरणाऱ्यांना तिथे निरर्थक अक्षरांच्या ओळी दिसत. वेगळे इंजिन वापरणारे लोक टिकून राहिले, तर संकेतस्थळे बनवणाऱ्यांनाही सर्वांचा विचार करावा लागतो, आणि हे मला मनापासून महत्त्वाचे वाटते.

तिसरी पायरी: निवड करावी

मुख्य ब्राउझर क्रोम, एज किंवा ब्रेव्ह असेल, तर दुसरा म्हणून फायरफॉक्स घ्यावा. तो विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या सर्वांवर चालतो, त्याचे मेनू मराठीतही मिळतात आणि जून २०२२ पासून त्यात प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची सोय मुळातच सुरू असते, त्यामुळे एका संकेतस्थळावरचा मागोवा दुसऱ्यावर चालत नाही. जाहिराती आणि मागोवा रोखणारे यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शनही त्यात पूर्ण क्षमतेने चालते. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यानंतर तिथे त्याची मर्यादित आवृत्तीच वापरता येते.

मुख्य ब्राउझर फायरफॉक्स असेल आणि संगणक विंडोजचा असेल, तर काहीही नवे उतरवायची गरज नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये एज आधीपासूनच असतो, आणि कधीमधी वापरण्यासाठी तो पुरेसा आहे. त्याचा आणखी एक खास उपयोग आहे. जुन्या पद्धतीची काही कार्यालयीन संकेतस्थळे अजूनही इंटरनेट एक्सप्लोररची अपेक्षा धरतात आणि तो ब्राउझर तर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' या विभागात जाऊन इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी दिली की असे पान त्या मोडमध्ये उघडता येते. यादीत घातलेले पान तीस दिवसांनी आपोआप निघून जाते, त्यामुळे महिन्याभराने तेच काम पुन्हा करायचे झाल्यास पान परत यादीत घालावे लागते. 'मागच्या वेळी चालले, आता का चालत नाही' या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथेच असते.

मॅकवर सफारी वापरणाऱ्यांनी दुसरा म्हणून क्रोमियमवर आधारलेला एक ब्राउझर ठेवावा, कारण भारतातली अनेक सरकारी आणि बँकांची संकेतस्थळे सफारीवर तपासलेलीच नसतात.

ब्रेव्ह आणि विवाल्डी हे चांगले ब्राउझर आहेत, पण पहिल्यात क्रिप्टो पाकीट आणि बक्षीस योजना, तर दुसऱ्यात ईमेलपासून दिनदर्शिकेपर्यंत अनेक सोयी असतात. मुख्य ब्राउझर म्हणून कोणाला त्या आवडतील. कधीमधीच्या कामासाठी त्या बंद करत बसण्यातच वेळ जातो. टॉर ब्राउझर ही वेगळ्या प्रकारची वस्तू आहे. तो ओळख लपवण्यासाठी बनवलेला आहे, संथ चालतो आणि बँका त्यातून येणारी जोडणी अनेकदा नाकारतात. अर्ज भरण्यासाठी किंवा बँकेसाठी तो घेऊ नये.

संगणक जुना असेल, तर निवड आणखी मर्यादित होते. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ मधली आहे. फायरफॉक्सने मात्र ११५ ही दीर्घकाळ चालणारी आवृत्ती अशा संगणकांसाठी त्यानंतरही सुरक्षा दुरुस्त्यांसह चालू ठेवली. तरीही ज्या विंडोजलाच दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, तिच्यावर कोणत्याही ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार करू नयेत, असेच मी सांगेन.

चौथी पायरी: योग्य ठिकाणाहून उतरवून घ्यावा

ब्राउझरचे नाव शोधयंत्रात टाकल्यावर सर्वांत वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो, आणि त्या जागी बनावट संकेतस्थळेही पोचतात. म्हणून खाली जाऊन ब्राउझर बनवणाऱ्या संस्थेचेच संकेतस्थळ उघडावे आणि पत्त्याच्या पट्टीतले नाव अक्षर न् अक्षर वाचावे. मोबाइलवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरखेरीज दुसरीकडून घेऊ नये. यूसी ब्राउझर पूर्वी आपल्याकडे अनेक फोनांवर असे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये त्याचा समावेश होता. सवय म्हणून आजही कोणी त्याची फाइल भलत्याच संकेतस्थळावरून मिळवून बसवत असेल, तर तसे करू नये.

पाचवी पायरी: बसवताना तीन गोष्टींना नकार द्यावा

नवा ब्राउझर प्रथम उघडला की तो ओळीने काही प्रश्न विचारतो आणि घाईत प्रत्येक ठिकाणी 'होय' म्हटले जाते. त्यांतल्या तीन ठिकाणी थांबावे.

पहिला प्रश्न हाच ब्राउझर डीफॉल्ट करायचा का, असा असतो. त्याला नकार द्यावा, नाहीतर ईमेल किंवा व्हॉट्सॲपमधला प्रत्येक दुवा यापुढे त्याच ब्राउझरमध्ये उघडू लागेल. चुकून होय म्हटले गेले, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स आणि डीफॉल्ट ॲप्स या मार्गाने ते परत बदलता येते. दुसरा प्रश्न जुन्या ब्राउझरमधले बुकमार्क, पासवर्ड आणि इतिहास आणायचा का, असा असतो. इथेही नकार द्यावा. वेगळा ठेवायचा ब्राउझर पहिल्याच मिनिटाला जुन्या सामानाने भरण्यात अर्थ नाही. लागणारी चार-पाच संकेतस्थळे हाताने बुकमार्क करावीत. तिसरा प्रश्न खात्यात लॉगिन करून सिंक, म्हणजे बुकमार्क आणि पासवर्ड सर्व उपकरणांवर एकसारखे ठेवण्याची सोय, सुरू करण्याबद्दल असतो आणि तोही पुढे ढकलावा.

सहावी पायरी: सेटिंग्ज कामाप्रमाणे लावाव्यात

ब्राउझर अडलेली पाने उघडण्यासाठी किंवा लॉगिन न करता वाचण्यासाठी ठेवला असेल, तर तो बंद होताच कुकी पुसल्या जातील अशी सोय करावी. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' विभागात कुकी आणि साइट डेटा यांच्याखाली ती सापडते. प्रत्येक वेळी कोरा ब्राउझर मिळाल्यामुळे दोष संकेतस्थळाचा आहे की आपल्याकडच्या जुन्या कुकीचा, हे लगेच कळते. मुख्य ब्राउझरची खासगी खिडकीही (इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडो) यातले काही काम करते, पण तिचे इंजिन तेच राहते, हे लक्षात ठेवावे.

पैशांच्या व्यवहारांसाठी ठेवलेल्या ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेन्शन बसवू नये, नोटिफिकेशन मागण्याची परवानगी सरसकट बंद करावी आणि शोधयंत्राचा वापर टाळून बुकमार्कवरूनच बँकेचे पान उघडावे. बँकेचे नाव शोधून वरच्या दुव्यावर गेल्यामुळे फसगत झाल्याच्या घटना वारंवार घडतात, आणि बुकमार्कची ही एक सवय त्यांतला मोठा धोका टाळते.

एज वापरणाऱ्यांनी आणखी एक काम करावे. तो बंद केल्यावरही पाठीमागे चालू राहू शकतो आणि संगणक सुरू होतानाच अंशतः तयार होऊन बसतो. 'सिस्टीम अँड परफॉर्मन्स' या विभागात स्टार्टअप बूस्ट आणि पाठीमागे चालू राहण्याची परवानगी, दोन्ही बंद केल्या की कमी रॅमच्या संगणकावर फरक जाणवतो.

शेवटी दोन्ही ब्राउझरची थीम एकमेकांपेक्षा ठळकपणे वेगळी ठेवावी. दुसऱ्याची पट्टी गडद हिरवी किंवा लाल केली, तर पासवर्ड टाकण्याआधी आपण कुठे आहोत हे नजरेला लगेच कळते.

अडलेले पान दुसरीकडे उघडताना

आपला मुख्य ब्राउझर अडवतो आहे की पानच बिघडले आहे, हे आधी तपासावे, कारण सरकारी संकेतस्थळांवर पुष्कळदा अडथळा पॉपअपचा असतो. पावती, उतारा किंवा चलन नव्या खिडकीत उघडण्याची योजना असते आणि ब्राउझर ती खिडकी गुपचूप रोखतो. क्रोम आणि एजमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला त्याचे छोटे चिन्ह उमटते, तर फायरफॉक्समध्ये पानाच्या वर एक आडवी पट्टी येऊन तिच्यातल्या बटणावरून त्या संकेतस्थळाला परवानगी देता येते. पैसे भरून झाल्यावर पावती दिसली नाही, म्हणून दुसऱ्या ब्राउझरमध्ये जाऊन पुन्हा पैसे भरू नयेत. आधी हे चिन्ह आणि बँकेचा संदेश पाहावा.

पान खरोखर अडलेलेच असेल, तर संकेतस्थळाचे मुखपृष्ठ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून नव्याने लॉगिन करावे. आतल्या पानाचा पत्ता तसाच चिकटवल्यास लॉगिनची साखळी तुटते आणि 'सेशन संपले' असा संदेश येतो. अर्जातला लांबलचक मजकूर आधीच एखाद्या साध्या फाइलमध्ये लिहून ठेवलेला असला, तर पुन्हा भरताना त्रास होत नाही. पहिल्या ब्राउझरमधून बाहेर पडायला विसरू नये, कारण काही संकेतस्थळे एका खात्याचे दोन ठिकाणचे लॉगिन चालू देत नाहीत.

डिजिटल सही वापरणाऱ्या करसल्लागारांनी आणि लेखापालांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीएसटीसारख्या संकेतस्थळांवर सही करणारा छोटा प्रोग्राम संगणकावर वेगळा चालत असतो, ब्राउझर त्याच्याशी संगणकातल्या संगणकात बोलतो आणि त्यासाठी त्याच्या प्रमाणपत्राला ब्राउझरमध्ये मान्यता द्यावी लागते. ही मान्यता एका ब्राउझरमध्ये दिली, म्हणजे दुसऱ्यातही मिळाली असे गृहीत धरू नये. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवसाआधी दुसऱ्या ब्राउझरमधूनही सहीची एक चाचणी करून ठेवावी.

काही अडचणींवर मात्र दुसरा ब्राउझर हा इलाज नव्हे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना भारतातली काही सरकारी संकेतस्थळे उघडतच नाहीत, कारण देशाबाहेरून येणारी जोडणी सर्व्हरच नाकारतो. तिथे ब्राउझर बदलून काही साधत नाही. सर्व्हर बंद असेल किंवा मुदतीच्या दिवशी गर्दीने मंदावला असेल, तेव्हाही तेच.

देखभाल

कधीमधी वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरचा खरा धोका म्हणजे तो जुना राहून जाणे. रोजचा ब्राउझर रोज उघडत असल्यामुळे वेळच्या वेळी अद्ययावत होतो; दुसरा दोन-तीन महिने तसाच पडून राहतो आणि नेमक्या घाईच्या दिवशी उघडला जातो. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते आणि मधल्या काळात सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात, यावरून किती गोष्टी मागे पडतात याचा अंदाज यावा. १४ मार्च २०२५ रोजी फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांमधल्या एका मूळ प्रमाणपत्राची (एक्स्टेन्शनसारख्या गोष्टी अस्सल आहेत हे ज्यावरून तपासले जाते, त्याची) मुदत संपली आणि वेळेत अद्ययावत न केलेल्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बंद पडण्यासारख्या अडचणी उद्भवल्या. रोज वापरणाऱ्यांना त्याची झळ बहुधा बसली नाही. ज्यांचा ब्राउझर पडून होता, त्यांना ती बसण्याची शक्यता अधिक होती.

म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवावा, उदाहरणार्थ वीजबिल भरण्याचा. त्या दिवशी दुसरा ब्राउझर उघडून मेनूतल्या 'हेल्प' मध्ये 'अबाऊट' हे पान पाहावे. ते पान उघडताच ब्राउझर नवी आवृत्ती शोधतो आणि नंतर एकदा बंद करून सुरू करायला सांगतो. लिनक्सवर हे काम बहुतेक वेळा प्रणालीच्या अपडेटबरोबरच होते.

फायरफॉक्स साठ दिवसांहून अधिक काळ उघडला नसेल, तर तो सुरू होताना आपणहून विचारतो की, बराच काळ वापर झाला नाही, आता साफसफाई करून नव्यासारखे करायचे का. हा संदेश खराच असतो, व्हायरसचा नसतो. होकार दिल्यास बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. म्हणजे बंद करताना कुकी पुसण्याची आपण लावलेली सोय नंतर पुन्हा तपासावी लागते.

मोबाइलवर

अँड्रॉइडवर क्रोमच्या जोडीला फायरफॉक्स ठेवता येतो आणि त्याचे इंजिन तिथेही वेगळेच असते. डिसेंबर २०२३ पासून त्यात पुष्कळ एक्स्टेन्शनही मिळू लागली. आयफोनचे तसे नाही. भारतातल्या आयफोनवर क्रोम घ्या किंवा फायरफॉक्स, आतले इंजिन वेबकिटच असते, त्यामुळे खाती वेगळी ठेवायला दुसरा ब्राउझर उपयोगी पडतो, पण सफारीत अडलेले पान त्यात उघडेलच असे नाही. ते काम संगणकावरच करावे.

नकोसा झाल्यास

काही महिन्यांनी निवड बदलावीशी वाटली, तर आधी बुकमार्क फाइलमध्ये निर्यात करावेत, साठवलेले पासवर्ड असतील तर ते तपासावेत आणि मगच ब्राउझर काढावा. विंडोजमध्ये ब्राउझर काढल्यावरही त्याचे प्रोफाइल, म्हणजे कुकी, इतिहास आणि पासवर्ड असलेले फोल्डर, अनेकदा मागे राहते. काढताना माहितीही पुसायची का असे विचारले गेले, तर त्या चौकटीवर खूण करावी; विचारले गेले नाही, तर ब्राउझर काढण्याआधीच त्याच्या सेटिंग्जमधून सर्व काळचा डेटा पुसून घ्यावा. संगणक विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल, तेव्हा दोन्ही ब्राउझरच्या बाबतीत हे करावे. मुख्य ब्राउझरची आठवण राहते. बँकेची पाने ज्यात उघडली होती, तो दुसराच बहुधा विसरला जातो.